मेंढरं, रिमोट आणि नऊ वाजताची जिरवाजिरवी

‘एक परळकर’ यांस,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा ओशाळलो. म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

इतरांसाठी थोडक्यात. गेल्या लेखात मी लिहिलं होतं की एकाच पक्षाची तळी उचलणाऱ्या वृत्तवाहिन्यांनी प्रेक्षकांचे मेंदू गहाण ठेवून घेतलेत. त्यावर परळकर म्हणतात: माझे वडील बँकेतून निवृत्त झालेत, सकाळी दोन पेपर वाचतात आणि रात्री नऊ ते अकरा ते एकच चॅनेल बघतात. ते मेंढरू नाहीत, रिमोट त्यांच्याच हातात असतो. गिऱ्हाइकाला हवा तो माल दुकानदार ठेवतो, त्यात त्याचा काय दोष? तुमच्याकडे पुरावा काय? आणि जाता जाता एक चिमटा: तुम्ही स्वतः रात्री काय बघता?

‘मेंदू गहाण’ हे शब्द मी मागे घेतो. ते सोपे होते आणि चुकीचेही. तुमचे वडील मत बनवायला टीव्ही लावत नाहीत, मत त्यांच्याकडे आधीपासूनच आहे. मग ते दोन तास तिथे का बसतात? मी पाच वर्षं मुंबईतल्या एका मराठी वृत्तवाहिनीत आउटपुटला, म्हणजे कार्यक्रम पडद्यावर आणणाऱ्या विभागात काढली, ती याच प्रश्नाच्या आसपास गेली. वाहिनीचं नाव सांगत नाही. तिच्या जागी दुसरी घातलीत तरी वर्णन बदलणार नाही.

चर्चेचा कार्यक्रम संपला की अँकरच्या मोबाइलवर मेसेज यायचे. “बातमी छान समजावलीत” असं म्हणणारा विरळा. “आज त्याची मस्त जिरवलीत” हे मात्र रोजचं. त्या एका क्रियापदात अख्खा धंदा आहे. माणूस बातमी बघायला येत नाही. जे ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये किंवा मेव्हण्यासमोर त्याला बोलता आलं नाही, ते कुणीतरी कोट घालून, आवाज चढवून, समोरच्याला गप्प करत बोलतंय, हे बघायला येतो. तुमच्या वडिलांना आम्हाला काही पटवायचं नसतंच. त्यांना फक्त दाखवायचं असतं की तुमची बाजू आज जिंकली.

आणि जिंकवणं ही कारागिरी आहे. आपल्या बाजूचा पाहुणा कोणीही चालायचा. काथ्याकूट व्हायचा तो विरुद्ध बाजूच्या पाहुण्यावर. मुद्देसूद, शांतपणे बोलणारा नको, लवकर भडकणारा हवा. नावं पुष्कळ होती, पण गेस्ट कोऑर्डिनेटरच्या वहीत तीच पाच-सहा फिरून फिरून यायची, कारण ती हमखास चिडायची. त्या पाहुण्यांनाही ठाऊक होतं की आपल्याला हरायला बोलावतात, तरी ते यायचे, कारण पडद्यावर दिसलं की पक्षात वजन वाढतं. पीसीआरमधून, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममधून, अँकरच्या कानात सूचना जायची, “आता त्याला पकड.” त्याने पकडलं की त्या पाहुण्याची खिडकी मोठी करायची. तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात ब्रेक.

या ब्रेककडे बघा. नाक्यावर दोन रिक्षावाले भांडत असले की ऑफिसला उशीर झालेला माणूसही थांबतो. भांडण मिटलं की मात्र बघे क्षणात पांगतात. म्हणून पडद्यावरचं भांडण मिटू द्यायचं नसतं. कुठली चर्चा “बरं, या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे” अशा वाक्यावर संपलेली तुम्ही पाहिलीत? मी पाच वर्षांत एकदाही नाही. वरळीच्या दूरदर्शन केंद्रातून प्रदीप भिडे बातम्या द्यायचे तेव्हा बातम्या संपायच्या. लोक उठून पानं घ्यायचे. त्या बातम्या सरकारी होत्या, त्यात बरंच काही यायचंच नाही, मला त्यांचे गोडवे गायचे नाहीत. पण त्या संपायच्या. आताच्या बातमीला शेवट नाही, फक्त “कुठेही जाऊ नका” आहे.

रिमोटबद्दल बोलतो. सेट टॉप बॉक्स चालू केला की आपण न लावता एक चॅनेल सुरू होतं, ते कधी पाहिलंत? त्याला लँडिंग पेज म्हणतात आणि त्या जागेसाठी वाहिन्या केबलवाल्यांना पैसे मोजतात. म्हणजे रिमोट वडिलांच्या हातात येण्याआधीच कुणीतरी पहिलं बटण दाबून ठेवलेलं असतं. अमेरिकेत यावरून एक छान गोष्ट हाती लागली. तिथे प्रत्येक गावच्या केबलवर फॉक्स न्यूज या रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेल्या वाहिनीचा क्रमांक वेगळा. ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू या दोन अभ्यासकांनी 2017 मध्ये दाखवलं की जिथे तो क्रमांक लहान, म्हणजे बटणं दाबताना लवकर लागणारा, तिथे लोक फॉक्स जास्त बघतात आणि तिथे रिपब्लिकन पक्षाची मतंही थोडी वाढतात. क्रमांक काही कुणाच्या विचारसरणीवरून ठरलेले नव्हते. आता सांगा, रिमोट नक्की कुणाच्या हातात?

तुम्ही पुरावा मागितलात, तर मला सगळ्यात पटलेला प्रयोग सांगतो. सप्टेंबर 2020, तिकडे निवडणूक तोंडावर. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला या दोन संशोधकांनी नेहमी फॉक्स बघणाऱ्यांतल्या काही जणांना तासाला 15 डॉलर देऊन महिनाभर सीएनएन बघायला लावलं. सीएनएन म्हणजे त्यांच्या लेखी शत्रूचं घर. तरी महिन्याअखेर काही गोष्टींवरची त्यांची मतं हलली, कोरोनाबद्दल जास्त माहिती झाली. काहींना तर असंही वाटू लागलं की तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष ट्रम्प यांच्या हातून काही चूक झाली तर फॉक्स ती आपल्याला सांगणार नाही. म्हणजे ही माणसं मुळात बंद डोक्याची नव्हती. त्यांच्यापर्यंत काही गोष्टी येतच नव्हत्या. वाहिनीने काय खोटं सांगितलं यापेक्षा काय सांगितलंच नाही, तिथे खरी मेख आहे. खोटं पकडता येतं. न आलेली बातमी पकडणार कशी?

पण याच प्रयोगाचा पुढचा भाग माझ्या गेल्या लेखाच्या विरोधात जातो, म्हणून तोही सांगायला हवा. पैसे थांबले आणि बहुतेक जण फॉक्सकडे परतले. दोन महिन्यांत फरकही जवळपास पुसला गेला. त्यांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं. दार उघडं होतं, पलीकडचं घर बघून झालं होतं, तरी ते आपल्या घरी परत आले. ‘घर’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

दुकानदाराचं म्हणाल तर तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं फार भीतीदायक आहे. 3 नोव्हेंबर 2020 च्या रात्री फॉक्सनेच सगळ्यांच्या आधी ॲरिझोना राज्य ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी बायडेन यांना मिळाल्याचं जाहीर केलं. अंदाज बरोबर निघाला. प्रेक्षक मात्र खवळले आणि बरेच जण न्यूजमॅक्स नावाच्या छोट्या वाहिनीकडे वळले. पुढे मतदान यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीच्या बदनामीच्या दाव्यात फॉक्समधले खासगी मेसेज उघड झाले. निवडणुकीत घोटाळा झाल्याच्या ज्या गोष्टी पडद्यावर चालू होत्या, त्यांची आतली माणसं खासगीत टिंगल करत होती आणि प्रेक्षक निघून जाईल म्हणून धास्तावलेलीही होती. एप्रिल 2023 मध्ये 78 कोटी 75 लाख डॉलर देऊन फॉक्सने ते प्रकरण मिटवलं. तेव्हा गिऱ्हाइकाला हवं ते दुकानदार देतो हे खरंच. पण ही चटक त्या दुकानदारानेच लावलेली. आता तोच गिऱ्हाइकाला घाबरतो.

आमच्याकडे त्या भीतीला गुरुवार म्हणायचे. गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे टीआरपीचे आकडे यायचे. देशभरातल्या चाळीस-पंचेचाळीस हजार घरांत मीटर, आणि त्यावरून कोट्यवधी घरं काय बघतात ते ठरायचं. 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की ठरावीक चॅनेल लावून ठेवायला काही मीटरवाल्या घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये दिले जात होते. (2024 मध्ये सरकारने तो खटला मागे घेतला, तेव्हा तो आरोपच राहिला.) पण त्या गोंधळात ऑक्टोबर 2020 पासून मार्च 2022 पर्यंत बातम्यांच्या चॅनेलांचे आकडेच बंद होते. सगळं पाप टीआरपीचं, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. मग त्या दीड वर्षात चॅनेलं शांत व्हायला हवी होती. झाली का? मला तरी फरक दिसला नाही. आकडे नसले तरी अँकरला गर्दीचा आवाज पाठ झाला होता. तिथे माझं गणित चुकलं.

तुमच्या वडिलांबद्दल एकच विचारतो, राग मानू नका. निवृत्तीनंतर रोज ठरल्या वेळी त्यांच्याशी बोलणारं दुसरं कोण आहे? माझ्या आईच्या बाबतीत कोणी नव्हतं. मी शिफ्टमध्ये, बहीण पुण्याला. तो अँकर मात्र रोज नऊच्या ठोक्याला हजर. तो “आपण” म्हणायचा, “तुम्हाला हे कोणी सांगणार नाही” म्हणायचा. आई त्याच्या मतांना हसायचीसुद्धा, पण त्याला सर्दी झाली की तिच्या लगेच लक्षात यायचं. त्याचं चॅनेल मी बदललं तर ती चिडायची नाही, नुसती उठून आत जायची. तेव्हा मला वाटायचं की तिला राजकारणाचं वेड लागलंय.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. काल रात्री मी काय बघितलं? माझ्या बाजूचं चॅनेल, सव्वा तास, जेवण गार होईपर्यंत. नवीन काही कळलं नाही. त्यांच्या प्रवक्त्याची मात्र मस्त जिरवली.