‘साधं पाणीही चालतं’ म्हणणाऱ्या वाचकांस

महोदय,

भुताची छोटी मूर्ती ब्रशने कशी रंगवावी, वॉश (खोलगट भागांत साचून सावली दाखवणारा पातळ रंग) पाण्याऐवजी मीडियमने कसा पातळ करावा, यावर माझा लेख होता. त्यावर तुमची प्रतिक्रिया चार वाक्यांची. “भूत कसलं, फिनेलमध्ये बुचकळून काढलेलं प्यादं दिसतंय. मीडियम ही कंपन्यांची लूट, वॉशमध्ये साधं पाणीही चालतं. एअरब्रश नसेल तर या भानगडीत पडू नये. फोटोही अंधारे.”

फोटो अंधारे आहेत, मान्य, बदलतो. एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) रंगाचा धुकट उतार झटपट जमतो, पण लेख ब्रशवाल्यांसाठी होता. तसं पहिल्याच ओळीत लिहिलंय, वाचायची तसदी घेतली असती तर दिसलं असतं. फिनेलबद्दल काय बोलणार? टिंगल करायला ब्रश हातात धरावा लागत नाही.

आता पाणी. वॉशमध्ये रंगकण असतात आणि त्यांना धरून ठेवणारं अ‍ॅक्रिलिक बाइंडर असतं. पाणी ओतलं की दोन्ही विरळ होतात. शिवाय पाण्याचा पृष्ठताण जास्त, म्हणून झग्याच्या सपाट भागावर वॉश पसरायच्या ऐवजी थेंबाथेंबाने गोळा होतो. थेंबाच्या कडेला पाणी लवकर उडतं, आतलं पाणी तिकडे ओढलं जातं, रंगकणही त्याच्यासोबत जातात आणि सुकल्यावर गडद कड उरते. चामड्याच्या पट्ट्यावर ती खपून जाते. भूत पांढऱ्या प्रायमरवर (रंगाआधी द्यायचा पहिला थर) रंगवतात, तिथे ती लपवणार कुठे?

मीडियम म्हणजे रंगकण वगळून उरलेलं बाइंडर. रंग फिका होतो, पण थर पक्का राहतो. फ्लो इम्प्रूव्हरचा (रंग सहज पसरावा म्हणून मिसळायचं द्रव) थेंब पृष्ठताण उतरवतो, हे खरं. बाइंडर मात्र त्याने वाढत नाही, त्यामुळे पुढचा ओला हात फिरला की खालचा रंग उठायची भीती राहतेच. हे सगळं मी भुतांवरच करून पाहिलंय, ऐकीव नाही.

लेखातलं प्रमाण पुन्हा देतो, कारण ते तुम्ही वगळलंत: हिरवट-निळा कॉन्ट्रास्ट (एकाच हातात उजेड-सावली दाखवणारा पातळ रंग) 1 भाग, मीडियम 4 भाग, सगळ्या झग्यावर एक हात. साचलेला रंग ओला असतानाच स्वच्छ, ओलसर ब्रशने टिपून घ्यायचा; अर्धवट सुकल्यावर हात लावला तर पापुद्रा फाटतो. पूर्ण सुकल्यावर 1 भागाला 2 भाग, फक्त चुण्यांच्या खोलात आणि खालच्या फाटक्या टोकांकडे. शेवटी हस्तिदंती रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हलका हात), अगदी टोकांवर शुद्ध पांढरा. प्रायमर लांबून फवारला असेल तर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि वॉश त्या दाण्यांत अडकून ठिपके दिसतात. तो दोष मीडियमच्या माथी मारू नका.

तरीही पटत नसेल, तर प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर पांढरा प्रायमर मारा, एका अर्ध्यावर 1 भाग रंगाला 4 भाग पाणी, दुसऱ्यावर तेवढंच मीडियम. सुकल्यावर तिरक्या उजेडात फोटो काढून इथे टाका. तुमचे फोटो उजळ असतील, याची खात्री आहे.