अनसबस्क्राइबची लिंक म्हणजे परवाना नव्हे

उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज परत परत फिरतोय. "भारतात ईमेलला कुठलाच कायदा नाही, खाली अनसबस्क्राइबची लिंक टाकली की झालं, कंपन्यांच्या पत्त्यांना तर तीही नको, लिस्ट विकत घ्या आणि बिनधास्त पाठवा." मी छोट्या एक्स्पोर्टवाल्यांचे मेल सांभाळतो आणि हे वाचून जीव तुटतो, कारण सांगलीकडच्या आमच्या एका हळदवाल्यांनी नेमकं हेच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल पाठवायच्या सर्व्हिसनं त्यांचं अकाउंटच बंद केलं, गिऱ्हाइकांना जाणारी बिलंसुद्धा अडकली.

आधी "कायदाच नाही" हे बघू. हे अर्धं खरंय, म्हणून तर पटतं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाचं डीएनडी (नको असलेल्या जाहिराती अडवायची सोय), ते 1909 वालं, कॉल आणि एसएमएसपुरतं आहे. आयटी ॲक्टच्या 66अ कलमात त्रास देणारे, पाठवणाऱ्याबद्दल फसवणारे मेल येत होते, पण ते कलमच सुप्रीम कोर्टानं 24 मार्च 2015 ला रद्द केलं. मेसेज लिहिणारा इथंच थांबला असणार. पुढं 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि संमतीच्या मुख्य तरतुदींना 18 महिन्यांची मुदत दिलीय. मुदत आहे, माफी नाही! माणसाचा ईमेल पत्ता हा त्याचा वैयक्तिक डेटा, कशासाठी वापरणार ते सांगून संमती घ्यायची, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. म्हणजे घेताना एक टिक आणि काढताना लॉगिन करा, ओटीपी टाका, कारण लिहा, असं चालणार नाही. दंड मोठ्या चुकांना 250 कोटींपर्यंत जातो.

आता ती लिंक. ही समजूत अमेरिकेतून आलीय, तिथल्या 2003 च्या कॅन-स्पॅम कायद्यात आधी परवानगी लागत नाही हे खरं. पण लिंकच्या जोडीला विषयाची ओळ खरी हवी, पाठवणारा खरा हवा, टपालाचा चालू पत्ता हवा, आणि कुणी नको म्हटलं की कामकाजाच्या 10 दिवसांत नाव काढायचं. 2025 च्या आकड्यानं दंड 53,088 डॉलरपर्यंत, तोही एकेका मेलमागे. युरोपात गणितच उलटं आहे, आधी हो, मग मेल. आपल्याच गिऱ्हाइकाला तसल्याच मालाबद्दल लिहायची सवलत आहे, पण नको म्हणायची सोय प्रत्येक मेलमध्ये द्यावी लागते. आणि आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, हे युरोपीय न्यायालयानं 2019 मध्येच सांगितलंय.

"आपण भारतातून पाठवतो, आपल्याला काय" असंही त्याच ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं. जीडीपीआर, म्हणजे युरोपचा वैयक्तिक डेटाचा कायदा, माल कुणाला विकताय ते बघतो, तुमचं ऑफिस कुठंय ते नाही.

कंपन्यांच्या पत्त्यांचं म्हणाल तर अमेरिकेत तशी सूटच नाही, आणि जर्मनीत कंपनीलासुद्धा संमतीशिवाय जाहिरातीचा मेल चालत नाही. हळदवाल्यांची ती एक्सेल शीट मी स्वतः उघडली, पहिल्या पन्नासात चौदा पत्ते डॉट डीईनं संपणारे, म्हणजे जर्मनीचे, एक तर दातांच्या दवाखान्याचा. त्यांना हळदीची पोती कशाला हवीत?

राहिली विकत लिस्ट. "पत्ते नेटवर उघडेच आहेत" म्हणतात, पण आपल्या कायद्यातली सूट त्या माणसानं स्वतः (किंवा कायद्यानं भाग पाडलेल्या दुसऱ्या कुणी) जाहीर केलेल्या माहितीला आहे, दुसऱ्यानं गोळा करून विकलेल्याला नाही. कायदा बाजूला ठेवला तरी फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर दिवसाला 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवणं सक्तीचं आहे, विकतच्या लिस्टवर हा आकडा सांभाळून दाखवा.

हळदवाल्यांबरोबर बसून जुन्या बिलांवरून खऱ्या गिऱ्हाइकांची लिस्ट केली, 340 नावं निघाली. कॅनडातली वेगळ्या शीटमध्ये ठेवलीत, तिथं खरेदीनंतर 2 वर्षंच संमती गृहीत धरता येते, म्हणून प्रत्येक नावापुढं शेवटच्या बिलाची तारीख घातलीय.