अनामत रक्कम पावसाळा संपेपर्यंत परत देऊ नका

आमच्या गोव्यातल्या म्हापशात सध्या कुठल्याही वाड्यावर जा, एखादा तरी चर खणलेला दिसतोच. कुठे पाण्याची लाईन, कुठे भूमिगत वीजवाहिनी, कुठे इंटरनेटची केबल. या सोयी सगळ्यांनाच हव्यात, त्यामुळे खणण्याला माझा विरोध नाही. मागणी एकच आहे: रस्ता खणणाऱ्या कंत्राटदाराची अनामत एक अख्खा पावसाळा उलटल्याशिवाय परत करू नये.

कागदावर नियम भरपूर आहेत. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असो, पालिकेचा की पंचायतीचा, ज्याचा रस्ता त्याची लेखी परवानगी लागते. वीज, पाणी, मलनिस्सारण आणि दूरसंचारवाल्यांना आधी कळवायचं, रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क किंवा बँक हमी भरायची, वाहतूक पोलिसांना विश्वासात घ्यायचं. कामाच्या जागी बॅरिकेड, सूचनाफलक आणि रात्री दिसतील असे रिफ्लेक्टर कसे लावायचे, यावर इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. मार्च 2023 मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅपही आणलं. जेसीबी लावण्याआधी त्यावर जागा नोंदवली की खाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना संदेश जातो.

जमिनीखालच्या वाहिन्यांना धक्का बसला की काय होतं, हे तिसवाडी आणि फोंड्याच्या लोकांना सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ महामार्गाच्या कामाच्या ठिकाणी जमीन खचली, ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाची जलवाहिनी फुटली आणि ऐन पावसाळ्यात लोक कित्येक दिवस टँकरमागे धावले.

पण मला खरा राग येतो तो चर बुजवण्याच्या पद्धतीचा. माती थराथराने टाकायची, प्रत्येक थर पाणी मारून कॉम्पॅक्टरने दाबायचा, मग खडी, मग डांबर, अशी रीत आहे. आमच्या गल्लीत काय झालं ते मी गेटपाशी उभा राहून पाहिलं. बाजूला काढलेली तीच लाल माती, त्यात चिऱ्याचे तुकडे, जुन्या डांबराची ढेकळं, सिमेंटची फाटकी पोती, सगळं एका दमात आत लोटलं. जेसीबीच्या बकेटने वरून दोन थापा दिल्या आणि संध्याकाळी डांबराचा पातळ थर. मे महिन्यात पाहणाऱ्याला रस्ता झकास वाटला असता. जूनमध्ये पहिल्या जोराच्या सरींतच अख्खा चर वीतभर खाली बसला. शेजारच्या वहिनी मुलीला शाळेत सोडताना स्कूटरसह तिथेच पडल्या. विचारायला गेलो तर कळलं, काम ‘पूर्ण’ आहे, बिल निघालंय, अनामतही सुटली आहे.

आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिमी पाऊस पडतो. भराव पक्का आहे की नाही, ते पावसातच कळतं. मग त्याआधी काम पूर्ण झाल्याचा दाखला देतात कशाच्या जोरावर? पावसाळा संपल्यावर अभियंत्याने जागेवर यावं, चर बसलेला नसेल तरच पैसे सोडावेत. प्रामाणिक कंत्राटदाराचं यात काहीच जाणार नाही.

आणि हा विषय नुसत्या खड्ड्यांचा राहिलेला नाही. 2024 च्या सुरुवातीला पणजीत मळा इथे स्मार्ट सिटीच्या कामासाठी खणलेल्या खड्ड्यात दुचाकी पडून एका तरुण मुलाचा जीव गेला. त्याच वर्षी धुळीच्या तक्रारींवरून उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना स्वतः पणजीत फिरून कामांची पाहणी करावी लागली. जे काम पालिकेच्या आणि खात्याच्या अभियंत्यांचं, त्यासाठी न्यायमूर्तींनी धुळीत उतरावं?

आमच्या प्रभागापुरता मी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केला आहे. गेल्या वर्षी दिलेल्या प्रत्येक खणकाम परवानगीची प्रत, अनामतीची रक्कम, ती परत केल्याची तारीख आणि त्याआधी पाहणी केलेल्या अधिकाऱ्याचा शेरा, एवढंच मागितलंय. सोमवारी पालिकेत देतोय. आपल्या पालिकेत किंवा पंचायतीत द्यायला मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.