एकटे आहात? मग जरा थांबा

परवा लोअर परळला काम उरकेपर्यंत दुपारचे दोन वाजले. पोटात कावळे कोकलत होते. जुन्या गिरणीच्या आवारात एक झकपक हॉटेल दिसलं, शिरलो. दारातल्या मुलीनं माझ्या मागे कोणी आहे का ते वाकून पाहिलं. "एकटेच आहात सर? वीस मिनिटं लागतील." आत तीन टेबलं रिकामी दिसत होती. पण चौघांचं टेबल एकट्याला देता येत नाही म्हणे. बाहेर येऊन वडापाव खाल्ला.

याच गिरणगावात एकेकाळी खाण्याचा सगळा धंदा एकट्या माणसाच्या जिवावर चालायचा. बायकापोरं कोकणात नाहीतर घाटावर, हा इथे दहा-बारा जणांच्या खोलीत पाळीनं झोपणार. त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बाया करायच्या, महिन्याच्या बोलीवर. सावकाराच्या व्याजात पिचलेल्या या बायांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मुंबईच्या हॉटेलांबद्दल लिहिणारे ताजपासून सुरुवात करतात. मी असतो तर या चुलींपासून केली असती.

माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. त्यातला 'बोर्डिंग' हा शब्दच सगळं सांगतो. गाव सोडून नोकरीसाठी आलेला माणूस जेवणार कुठे, तर इथे. आजही स्टेशनासमोर मंडईच्या माडीवर चढा, मोकळी खुर्ची मिळाली की बसा. वाढपी तुमच्यासोबत कोण आहे हे बघत नाही, पानात काय संपलंय तेवढं बघतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं रस्सम केळीच्या पानावरून थेट मांडीकडे निघालं होतं. समोरच्या आजोबांनी, ना ओळख ना पाळख, आपल्या भातात बोटानं आळं करून दाखवलं आणि पुन्हा जेवायला लागले. असं टेबल वाटून घेणं आता बाकी ठिकाणी कुणाला चालत नाही.

इराण्याकडे तर तेच चालायचं. धोबीतलावचं कयानी १९०४ पासून आहे. 'पानी कम' चहा आणि कडक पावाचा ब्रून मस्का घेऊन अनोळखी माणसासमोर पेपर वाचत बसा. पलीकडचं बस्तानी गेलं. जहांगीर आर्ट गॅलरीतलं, आगगाडीच्या डब्यासारखं अरुंद समोवार कॅफेही २०१५ साली बंद झालं.

हे सगळं मी घरी तावातावानं सांगितलं. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "तुझा तो एकटा माणूस म्हणजे बाप्याच ना? आमची आई जन्मात एकटी इराण्याकडे गेली नाही." गप्प बसलो. खरंय. इराण्याकडे 'फॅमिली'साठी वेगळी खोली असायची, ती काही उगाच नव्हे. आज दादरच्या आस्वादमध्ये बाहेर नाव लिहून, एकटीच आत बसून, कुणाकडे न बघता थालीपीठ संपवणारी नोकरदार बाई मी पाहिली आहे. माझ्या सासूबाईंच्या तरुणपणी ती दिसली नसती.

"मग त्या झकपक ठिकाणी तू एकटी जाशील?" मी विचारलं.

"जाईन की. पण वीस मिनिटं थांबणार नाही," म्हणाली, आणि मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली.