एटीव्हीला ‘काहीच लागत नाही’ म्हणे!

दिवाळीच्या तोंडावर एकदा आणि शाळांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की पुन्हा, नागपूरच्या ले-आउटच्या, शाळेच्या नि मॉर्निंग वॉकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. सोबत धूळ उडवत टेकडी चढणाऱ्या क्वाड बाइकची, म्हणजे कच्च्या जमिनीवर हँडल धरून चालवायच्या चारचाकी एटीव्हीची (ऑल-टेरेन व्हेईकल), रील असते. मजकूर साधारण असा: ‘फार्महाऊससाठी एटीव्ही घ्या, टेन्शन घेऊ नका. आरटीओ पासिंग नाही, लायसन्स नाही, इन्शुरन्स नाही, हेल्मेट नाही. चार चाकं आहेत, उलटायची भीती नाही. दहा वर्षांचं पोरगंही चालवते. शेत, पांदण, जंगल, नदी, कुठंही न्या. खासगी जागेत तर कायदाच लागू नाही, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय.’

यातल्या एकदोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, आणि त्यांच्या आडून बाकीच्या खपून जातात. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘आरटीओ पासिंग लागत नाही.’ विकणारा हेच सांगतो आणि घेणाऱ्याला ती सवलत वाटते. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 39 म्हणतं की नोंदणी नसलेलं मोटार वाहन सार्वजनिक जागी किंवा इतर कुठल्याही जागी चालवू नये, मालकानं चालवू देऊ नये. आता नोंदणी करायची, तर त्या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता हवी. बाजारातल्या बहुतेक एटीव्हींना ती नसते, कारण त्या रस्त्यासाठी बनवलेल्याच नाहीत. टायर वाकून बघा, बहुधा त्यावरच इंग्रजीत छापलेलं असतं की हा हमरस्त्यावर वापरू नये. त्यामुळे एमएच-31 असो, एमएच-49 असो की ग्रामीणचं एमएच-40, तिला नंबर मिळतच नाही. मिळत नाही म्हणून ती रस्त्यावर आणता येत नाही. मेसेजवाल्यानं नेमका उलटा अर्थ काढला आहे.

इथे ग्रुपवर कोणीतरी हमखास म्हणतं, ‘अरे, मी नंबर प्लेटवाली पाहिली आहे.’ पाहिली असेल. पोलॅरिसनं काही वर्षांपूर्वी स्पोर्ट्समन 570 हे मॉडेल भारतात चक्क ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेऊन विकायला आणलं होतं. त्याची नोंदणी ट्रॅक्टर म्हणून होते, म्हणजे लायसन्स आणि विमाही आलाच. दुसरा घोळ ‘क्वाड्रिसायकल’चा. 2018 साली केंद्रानं खासगी वापरासाठी जो प्रकार मोकळा केला तो बजाज क्यूटसारख्या छत-दारं असलेल्या छोट्या गाडीचा. हँडल धरून, खोगिरावर बसल्यासारखं बसून चालवायच्या क्वाड बाइकचा त्याच्याशी संबंध नाही.

‘सुप्रीम कोर्टानं सांगितलंय.’ काय सांगितलंय, ते नीट बघू. ऑगस्ट 2025 मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आवारातल्या वाहनांबद्दल एक निकाल आला. ते आवार भिंतीनं बंद, दारावर केंद्रीय सुरक्षा दलाचा पहारा, आत जायला पास. अशा जागेबाहेर न पडणाऱ्या वाहनांवर तेवढ्या काळाचा मोटार वाहन कर लागणार नाही, असं कोर्ट म्हणालं. प्रश्न कराचा होता. लायसन्स, वय किंवा अपघाताची जबाबदारी यांचा तिथे विषयच नव्हता. उलट 2001 च्या बोस अब्राहम प्रकरणात याच कोर्टानं उत्खनक आणि रोड रोलरबद्दल म्हटलं होतं की ते बंदिस्त आवारात वापरले म्हणून मोटार वाहन नाहीत असं होत नाही. कायद्यातल्या व्याख्येत सूट आहे ती फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच बनवलेल्या खास प्रकारच्या वाहनाला. तुमची एटीव्ही त्यात बसते असा युक्तिवाद वकील करू शकेल, अगदीच पोकळ नाही तो. पण तिन्ही बाजूंनी तार, चौथीकडून शेजाऱ्याची बैलगाडी जाते, अशा हिंगण्याकडच्या दोन एकराला पोलाद कारखान्याचं आवार म्हणणं जरा जास्तच होईल.

‘लायसन्स लागत नाही.’ हे अर्धं खरं. कलम 3 ची लायसन्सची आणि कलम 4 ची 18 वर्षांची अट सार्वजनिक जागेसाठी आहे. खरोखर बंदिस्त मैदानात ती पोचत नाही, मान्य. पण सार्वजनिक जागा म्हणजे डांबरी रस्ता एवढंच आपण धरतो. कायद्याच्या लेखी लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा सार्वजनिक, मग ती आरपार वाट असो वा नसो. बेसा-बेलतरोडीकडच्या अर्ध्या रिकाम्या ले-आउटमधले रस्ते त्यात येतात. पांदण तर येतेच. ती गावाची वहिवाट आहे, कोणी अडवली तर लोक तहसीलदाराकडे जातात ते त्याच हक्कानं. म्हणजे फार्महाऊसच्या फाटकातून निघून पांदणीनं पलीकडच्या शेतात गेलात की नोंदणी, लायसन्स, विमा तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात. रीलमधली निम्मी राइड अशाच वाटेवर असते.

‘50 सीसीच्या आत लायसन्स लागत नाही’ ही पुस्तीही सोबत येते. तसं कलमच नाही. 16 वर्षं पूर्ण झालेल्यांना 50 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचं लायसन्स मिळू शकतं, एवढंच आहे. लायसन्स काढावं लागतंच. 25 सीसीपर्यंतच्या वाहनाला कायदा मोटार वाहन मानत नाही हे खरं, पण ती ओळ चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनांसाठी आहे. म्हणजे मेसेजमध्ये ज्या चार चाकांचं कौतुक, तीच इथे आडवी येतात.

‘दहा वर्षांचं पोरगंही चालवते.’ चालवते, यात वाद नाही. अंगठ्यानं दाबायचा थ्रॉटल, क्लच नाही, गिअर नाहीत. सहा वर्षांचंही पळवेल. थांबवणं आणि सावरणं वेगळं. अमेरिकेत या गाड्या पन्नासेक वर्षं वापरात आहेत. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची, भूमिका सरळ आहे: 16 वर्षांखालच्या मुलानं एटीव्ही चालवू नये. तिथले उत्पादक मुलांसाठी छोटी मॉडेल काढतात, त्यांवर 6, 10, 12 अशी किमान वयं लिहिलेली असतात, आणि पूर्ण आकाराच्या गाडीवर 16. आपल्याकडे विकणारा 125 सीसीची गाडी दाखवून ‘किड्स मॉडेल आहे’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. शंभर किलोंच्या पुढची गाडी तीस किलोंच्या पोराच्या अंगावर आली तर त्याला ती हलवताही येणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर सार्वजनिक जागी अल्पवयीन चालवताना सापडला की 2019 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 199अ लागतं. पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव पालकाला कायद्यानं ठेवलेला आहे. पण वाढदिवसाला फुगे बांधून एटीव्ही भेट देणाऱ्या आणि त्याचा व्हिडिओ टाकणाऱ्या बाबांना तो कसा वापरता येणार?

‘चार चाकं आहेत, उलटत नाही.’ मला सगळ्यात घातक हे वाक्य वाटतं, कारण बाकीच्या चुका चलनावर भागू शकतात.

एटीव्ही उंच आणि अरुंद असते. खाली दगडगोटे लागू नयेत म्हणून तिचं पोट वर ठेवलेलं, झाडाझुडपांतून जाता यावं म्हणून रुंदी कमी. वर माणूस खोगिरावर बसतो, त्यामुळे वजनाचा मध्य आणखी वर जातो. वळताना आतल्या बाजूला झुकायचं, चढावर पुढे वाकायचं, उतारावर मागे सरकायचं, हे सगळं चालकानं स्वतःच्या शरीरानं करायचं असतं. म्हणून सीट लांब असते. आपल्याकडे त्या लांब सीटवर दोन पोरं आणि एक मावशी बसवतात. मागे माणूस बसला की चालकाला सरकायला जागा उरत नाही, वजन मागे जातं आणि चढावर पुढची चाकं उचलतात. गाडी मागच्या मागे अंगावर येते.

बऱ्याच एटीव्हींना मागे डिफरन्शियल नसतो. दोन्ही मागची चाकं एका दांड्यावर, एकाच वेगानं फिरतात. मातीत आतलं चाक घसरून वाट काढतं. डांबरावर पकड जास्त असल्यानं ते घसरत नाही, गाडी वळायला नकार देते; चालक हँडल जोरात ओढतो आणि ती आडवी होते. म्हणजे ‘निदान चांगल्या रस्त्यावर तरी सुरक्षित’ हा समजही उलटा. टायरमध्ये हवा जेमतेम 3 ते 7 पीएसआय, कारच्या टायरच्या पावपटीहूनही कमी. पेट्रोल पंपावर कारइतकी भरून आणली तर गाडी चेंडूसारखी उडते. आणि मोटारसायकलच्या सवयीनं तोल जाताना पाय खाली टेकवू नका. मागचं चाक थेट टाचेवर चढतं.

तीन चाकांच्या एटीव्ही यापूर्वीच अमेरिकेत 1988 च्या न्यायालयीन तडजोडीनं विक्रीतून गेल्या. चार चाकांनीही प्रश्न सुटला नाही. ऑस्ट्रेलियात शेतकरी उलटलेल्या क्वाडखाली चेंगरून, श्वास कोंडून मरत राहिले, म्हणून तिथल्या सरकारनं ऑक्टोबर 2021 पासून शेतकामाच्या प्रत्येक नव्या क्वाडवर चालकामागे संरक्षक कमान सक्तीची केली आणि 28.81 अंशांच्या आडव्या उतारापर्यंत गाडी दोन चाकांवर जाता कामा नये, असंही लिहिलं. होंडा आणि यामाहानं त्यावर तिथे या गाड्या विकणंच थांबवलं. उलटत नसती तर एवढा खटाटोप कशाला झाला असता?

आपल्याकडे तर जमीनही साथ देत नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा, पावसाळ्यात तीच माती चाकाला थापून बसते. धुऱ्यावर एक चाक चढलं की गाडी तिरपी. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची बारीक तार संध्याकाळी दिसत नाही, आणि पऱ्हाटीच्या आड कठडा नसलेली विहीर कुठे आहे हे शेतमालकालाच माहीत असतं.

‘हेल्मेट लागत नाही.’ अक्षरशः पाहिलं तर कलम 129 मोटारसायकलबद्दल बोलतं, आणि मोटारसायकल म्हणजे दोन चाकं. इथे मेसेजवाला जिंकला. तरीही आयएसआय खुणेचं, तोंड झाकणारं हेल्मेट, घोट्यावरचे बूट, फुल पँट, हातमोजे, धुळीसाठी गॉगल एवढं तरी अंगावर हवं. आणि आपला नागपुरी दुपट्टा काढून ठेवा. मे महिन्याच्या उन्हात तो सोडवत नाही हे कळतं, पण त्याचं सुटलेलं टोक चेनमध्ये किंवा दांड्यात गुंतलं की गळा आवळला जातो. हेल्मेटच्या आत सुती टोपी घाला, दुपारी बारा ते चार गाडी बाहेरच काढू नका.

‘जंगल, नदी, कुठंही न्या.’ पेंच, बोर किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला या संरक्षित जंगलांत परवानगीशिवाय शिरणं हाच वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे. परवान्याच्या सफारी जिप्सींनी 31 डिसेंबर 2024 ला कऱ्हांडल्यात वाघीण आणि बछड्यांची वाट अडवली, तेव्हा चालक-गाइडवर कारवाई झाली आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. बिनपरवान्याच्या एटीव्हीचं काय होईल ते बघा. राखीव वनाला भारतीय वन कायदा, 1927 चं कलम 26 आहे. आणि ‘हे जंगल थोडीच आहे, झुडपं आहेत’ असं म्हणत ट्रॅक आखणाऱ्या रिसॉर्टवाल्यांसाठी: पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल हे वनच, असं सुप्रीम कोर्टानं 22 मे 2025 ला स्पष्ट केलं आहे. मेसेजमध्ये हा निकाल मात्र कोणी घालत नाही.

शेवटचं, ‘इन्शुरन्स नाही.’ हे लिहिणाऱ्यानं फायद्यात मांडलं आहे. नोंदणीच नाही तर थर्ड पार्टी पॉलिसी कोण देणार? मजुराच्या पोराला धक्का लागला तर भरपाई मालकाच्या खिशातून. तुमच्या स्वतःच्या अपघात विम्यात साहसी खेळांचा अपवाद आहे का, तेही वाचा. अनेक पॉलिसींत असतो. भाड्यानं राइड देणारे ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असा कागद सहीला पुढे करतात. त्या सहीनं त्यांचा निष्काळजीपणा पुसला जात नाही, जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 त्यांना लागू शकतं. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली अशा व्यवसायांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. रामटेक असो की काटोल रोड, तिकीट फाडण्याआधी नोंदणीचा कागद बघायला मागा, हेल्मेट तुमच्या मापाचं आहे का बघा, चालकाच्या मनगटाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी जागेवर आहे का ते स्वतः ओढून तपासा. दोरी ओढून इंजिन बंद पडलं नाही तर पैसे परत घ्या.