‘सर्वेअर येईपर्यंत घराला हात लावू नका’ : या मेसेजचं ऐकण्याआधी एवढं वाचा

पावसाचा जोर वाढला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. घरात पाणी शिरलं तर सर्वेअर (विमा कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला माणूस) येईपर्यंत कशालाही हात लावू नका. चोवीस तासांत कळवलं नाही तर क्लेम गेला. बिलं नसतील तर अर्ज करूच नका. सोसायटीचा विमा असतो, होम लोनचा असतो, मग वेगळी पॉलिसी कशाला? रक्कम दुप्पट लिहा, ते अर्धीच देतात. भिंतीला वॉटरप्रूफ पेंटचे दोन हात मारा. आणि क्लेम नाकारला तर वर्षानुवर्षं कोर्ट.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यातला पहिलाच सल्ला पाळला तर घर जास्त खराब होतं आणि क्लेमही कमकुवत होतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘सर्वेअर येईपर्यंत हात लावू नका’

हे अर्धं वाक्य आहे, उरलेलं अर्धं मेसेजमध्ये गळलंय. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी लागू आहे. कंपनी कोणतीही असो, या पॉलिसीच्या मूळ अटी सारख्याच. खराब झालेलं सामान विकू नका, फेकू नका, पुरावा नष्ट होईल असं काही करू नका, दुरुस्ती सुरू करू नका, असं तिच्यात आहेच. पण त्याला अपवादही आहे: पुढचं नुकसान थांबवण्यासाठी जे तातडीने करणं गरजेचं आहे ते करता येतं. उलट पुढचं नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घेणं ही विमाधारकाची जबाबदारीच आहे. हात बांधून बसलात आणि चार दिवसांत कपाटं कुजली, तर ‘हे नुकसान पुराचं की तुमच्या निष्काळजीपणाचं?’ हा प्रश्न येतो.

क्रम असा ठेवा. आधी वीज. मीटरजवळचा मेन स्विच कोरड्या जागेवर उभं राहून हात पोचेल असा असेल तरच बंद करा. बोर्डापर्यंत जायला पाण्यात उतरावं लागत असेल तर वीज कंपनीला फोन करून पुरवठा तोडायला सांगा. मीटर किंवा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारे खटके) बुडाले असतील तर पाणी ओसरल्यावर खटका वर करून ‘बघू’ नका.

मग फोटो. प्रत्येक खोलीचा दारातून एक पूर्ण फोटो, नंतर चारही भिंती. भिंतीवर जिथे गाळाची रेघ उमटली आहे तिथे मेजर टेप जमिनीपासून उभी धरून फोटो घ्या, म्हणजे पाणी किती इंच होतं यावर वाद राहत नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर यांच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर जवळून टिपा. कपाटं उघडून आतला ओला माल दाखवणारा एक सलग व्हिडिओ करा.

त्यानंतर कंपनीला एक मेल: ‘घरात पाणी शिरलं आहे. ओल वर चढू नये म्हणून आम्ही पाणी उपसून ओलं सामान बाहेर काढत आहोत. फोटो सोबत जोडले आहेत. काढलेलं सामान पार्किंगमध्ये झाकून ठेवत आहोत. सर्वेअर केव्हा येतील ते कळवा.’ मेल गेला की पाणी काढायला लागा. गाद्या, पडदे, कागद आधी बाहेर. घाण पाण्यात भिजलेली गादी घरात ठेवणं आरोग्याला घातक असेल, तर ती टाकण्याआधी तसं कळवा, फोटो काढा आणि कापडाचा व फोमचा एक तुकडा पिशवीत राखून ठेवा.

एवढी घाई का? बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. पार्टिकल बोर्डाचं कपाट कडेने फुगलं की पुन्हा बसत नाही. विटांची भिंत पाणी वर ओढते, त्यामुळे गाळाची रेघ दीड फुटावर असली तरी ओल अडीच फुटांपर्यंत जाऊ शकते. पाणी लवकर काढलं तर ही चढण तिथेच थांबते.

विजेच्या वस्तू ‘उन्हात वाळवून चालू करून बघा’ असंही काही मेसेजमध्ये असतं. कृपा करून असं करू नका. पुराच्या पाण्यातला गाळ आणि क्षार पाणी वाळल्यावरही सर्किट बोर्डावर आणि रिलेत राहतात. फ्रिजच्या भिंतीतल्या फोममध्ये शिरलेलं पाणी बाहेरून दिसतच नाही. चालू करून बोर्ड जळला तर तो पुराने गेला की शॉर्ट सर्किटने, हा नवा वाद उभा राहतो. सर्व्हिस सेंटरचा लेखी अंदाज घ्या, तो क्लेमलाही लागतो. बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) बदलायचेच, वाळवून वापरायचे नाहीत. कन्ड्युटमधल्या (भिंतीतल्या पाइपातल्या) वायरी इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या. इन्सुलेशनचं रीडिंग १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती वायर ओढून नवी टाका.

‘चोवीस तास उलटले, क्लेम गेला’

चोवीस तासांची मुदत आहे, पण ती कंपनीवर. विमा नियामकाच्या (आयआरडीएआयच्या) २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्वेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. तुम्ही लवकरात लवकर कळवायचं हे खरंच आहे, पण क्लेम फॉर्मसाठी नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवस मिळतात. चिपळूणला २०२१ च्या पुरात वीज आणि फोन दोन्ही बंद होते. अशा वेळी उशीर झाला तर त्याचं कारण लिहून द्या. केवळ उशिरासाठी खरा क्लेम नाकारू नये, हे नियामकाने २०११ च्या परिपत्रकातच कंपन्यांना सांगितलेलं आहे.

‘बिलं नाहीत? मग विसरा’

या वाक्यामुळे बरेच लोक अर्जच करत नाहीत, आणि ते फार वाईट आहे. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत घराच्या इमारतीचा विमा असेल तर घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. त्यासाठी वस्तूंची यादी आधी द्यावी लागत नाही. त्याहून जास्त रकमेचं सामान असेल तर मात्र ते घोषित करायला हवं. दागिन्यांसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. रोख रक्कम यात येत नाही.

बिल हा एक पुरावा झाला. बँकेचं किंवा कार्डाचं स्टेटमेंट, ऑनलाइन ऑर्डरचा मेल, वॉरंटी कार्ड, मागच्या सर्व्हिसिंगची पावती, घरातल्या पूजेच्या किंवा वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसणारा टीव्ही, हे सगळं चालतं. तक्ता करा: वस्तू, कंपनी, घेतल्याचं वर्ष, अंदाजे किंमत, काय बिघडलं, दुरुस्तीचा खर्च. तलाठ्याचा पंचनामा हा सरकारी मदतीसाठी असतो आणि सर्वेअरचा अहवाल वेगळा असतो. एकामुळे दुसरा होत नाही. तरी पंचनाम्याची प्रत घ्या, त्या तारखेला तुमच्या घरात पाणी होतं याचा तो भक्कम कागद आहे.

‘सोसायटीचा आहे, बँकेचा आहे’

सोसायटीचा विमा म्हणजे इमारतीचा. तुमचा सोफा आणि मॉड्युलर किचन त्यात धरलेलं नसतं. आदर्श उपविधींमध्ये (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांमध्ये) सोसायटीवर इमारतीचा आग आणि भूकंप यांसाठी विमा उतरवण्याचं बंधन आहे, पुराचं नाव तिथे नाही. तेव्हा सेक्रेटरींकडून पॉलिसीची प्रत मागा आणि त्यात पूर आहे का ते डोळ्यांनी बघा.

होम लोनबरोबर घेतलेला विमा बऱ्याचदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो: कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटतं, भिंत भिजली तर काहीच मिळत नाही. घराचा असला तरी तो फक्त इमारतीपुरता असू शकतो. पॉलिसीच्या शेड्युलवर (तपशिलाच्या पानावर) ‘इमारत’ आणि ‘सामान’ यांपुढे काय आकडे आहेत ते पाहिलं की दोन मिनिटांत उलगडा होतो.

स्वतःची पॉलिसी घेताना रक्कम बाजारभावाने काढू नका, कारण बाजारभावात जमिनीची किंमत असते आणि जमीन वाहून जात नाही. कार्पेट क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. ६०० चौरस फूट आणि २,५०० रुपये दर धरला तर १५ लाख, म्हणजे सामानाला आपोआप ३ लाख. भाडेकरूंना फक्त सामानाचा विमाही घेता येतो.

‘दुप्पट लिहा’

लिहू नका. खोटी रक्कम सिद्ध झाली तर फक्त तेवढा भाग कापला जात नाही, सगळा क्लेम बुडतो. शिवाय दुप्पट लिहायची गरज पडत नाही, कारण ‘भारत गृह रक्षा’त विम्याची रक्कम कमी भरली म्हणून प्रमाणात कपात करण्याची पद्धत काढून टाकलेली आहे. मोडतोड उचलण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते, ती मात्र लोक मागायलाच विसरतात.

‘वॉटरप्रूफ पेंटचे दोन हात’

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि अ‍ॅक्रिलिक पेंट मारला की आतलं पाणी कोंडलं जातं. बाहेर पडायला वाट नसल्याने ते रंगाला फोड आणतं, पोपडे निघतात, आणि पुढच्या पावसाआधीच पांढरा लोणा (क्षाराचा थर) दिसायला लागतो.

पुराची भिंत असेल तर गाळाच्या रेघेच्या वर फूट-दीड फुटापर्यंत रंग आणि पुट्टी खरवडून काढा, स्कर्टिंगच्या टाइल्स उचला. जिप्सम प्लास्टर भिजून मऊ झालं असेल तर ते काढावंच लागतं. सिमेंट प्लास्टरवर हातोडीच्या दांड्याने हलकं ठोका, बद्द आवाज येईल तिथलं काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून घ्या. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत आत जातो. बाहेर दमट हवा असताना खिडक्या उघड्या टाकून उपयोग नाही. खोली बंद करून भाड्याने आणलेला डीह्युमिडिफायर लावा, पंखा भिंतीला समांतर ठेवा, आणि ऊन पडलं की मगच समोरासमोरच्या खिडक्या उघडा. नऊ इंची भिंत वाळायला महिने लागतात.

वाळली का, हे हात लावून कळत नाही. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा आणि किमान १६ तास तसंच ठेवा. आतून दव धरलं किंवा खालची भिंत गडद झाली तर थांबा. नवीन प्लास्टर १:४ चं (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), त्याला ७ दिवस पाणी, मग पुन्हा वाळवणी, पुन्हा प्लॅस्टिकची चाचणी आणि त्यानंतरच प्रायमर.

पूर नसताना छत ठिबकत असेल तर आधी उगम शोधा. दिवसरात्र सारखं ठिबकत असेल तर दाबाची पाइपलाइन: वरच्या घराचा व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवला की ठिबकणं कमी होतं. वापरानंतर वाढत असेल तर ड्रेनेज, नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा टाइल्सच्या फटी: ट्रॅप बुजवून दोन इंच रंगीत पाणी २४ ते ४८ तास साठवा आणि खाली रंग उतरतो का ते पाहा. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. एक लक्षात ठेवा, संडास-बाथरूमच्या सन्कमधला (खाली घेतलेल्या स्लॅबवरचा) ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा भराव, पाणी धरून ठेवतो, त्यामुळे गळती बंद केल्यावरही काही दिवस ठिबकत राहतं. लगेच ‘काम फसलं’ म्हणून पुन्हा फोडू नका.

खर्च कुणाचा? पावसाचं पाणी, सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइनची गळती सोसायटीची. संडास, सिंक वगैरे घरातल्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकाचा. विम्याचं म्हणाल तर अचानक फुटलेला पाइप किंवा भरून वाहिलेली टाकी पॉलिसीत येते. महिनोन्‌महिने झिरपणारं पाणी देखभालीच्या खात्यात जातं आणि तिथे क्लेम अडतो.

‘नाकारलं तर कोर्ट’

त्याआधी दोन पायऱ्या आहेत. नकार लेखी मागा, कोणत्या अटीवर नाकारलं त्या कलमासकट. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही नोंद करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. सोबत पॉलिसी, नकाराचं पत्र, सर्वेअरच्या अहवालाची प्रत आणि पहिल्या दिवशीचे तारीख-वेळेसकटचे फोटो जोडा.