‘वय अधिक 100’वाल्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘बीपीच्या गोळ्यांचं लपवलेलं सत्य’ नावाचा लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. खाली कुणा ‘निवृत्त हृदयरोगतज्ज्ञा’चा हवाला. नाव नाही, गाव नाही. मी दुर्लक्ष करणार होतो, पण आमच्या आत्याने तो वाचून परस्पर गोळी अर्धी केली. आत्या 78 वर्षांची. मशीनवर वरचा आकडा 168, आणि ती मलाच समजावतेय, “अरे, मला 178 पर्यंत चालतं!” माझं औषधांचं दुकान आहे, दिवसभर काउंटरवर हेच ऐकतो, पण घरातच ऐकल्यावर डोकं फिरलं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: वय अधिक 100 एवढं बीपी नॉर्मल. साठीनंतर गोळी अर्धी करा, ऐंशीनंतर बंद. बीपीच्या गोळ्या सगळ्या सारख्याच, घरात एकाची दुसऱ्याला चालते. बीपी एकदम चढलं तर निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली सोडा. लो-सोडियम मीठ खाल्लं की गोळी लागतच नाही. आणि हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे.

आधी ते ‘वय अधिक 100’. जुने डॉक्टर असं म्हणायचे, हे खरं आहे. म्हणायचे, कारण तेव्हा हातात धड औषधच नव्हतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट 1945 मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेले तेव्हा त्यांचं वय 63 होतं आणि शेवटच्या दिवशी बीपी 300/190. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांचं बीपी चढत चाललं होतं. त्या काळच्या अडाणीपणाला आज ‘लपवलेलं सत्य’ म्हणून विकायचं म्हणजे कमाल आहे.

आणि ऐंशीनंतर गोळी बंद? हा प्रश्न कुणाच्या मताचा उरलेलाच नाही, तो तपासून झालाय. ‘हायवेट’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. 80 किंवा त्याहून जास्त वयाचे 3,845 जण, सगळ्यांचा वरचा आकडा 160 किंवा त्याहून जास्त. एका गटाला इंडापामाइड 1.5 मिलिग्रॅम आणि गरज पडली तर सोबत पेरिंडोप्रिल, दुसऱ्या गटाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. लक्ष्य 150/80. गोळी घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू 21 टक्क्यांनी कमी झाले, हार्ट फेल्युअर 64 टक्क्यांनी कमी. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. आता मेसेजचं गणित लावा. 82 वर्षांच्या आजोबांचं बीपी 175 असेल तर सूत्राप्रमाणे ते ठणठणीत! नेमक्या अशाच आजोबांचा जीव त्या चाचणीत गोळीने वाचत होता.

आता नाइलाजाने एक गोष्ट कबूल करतो. म्हाताऱ्या माणसांना मात्रा जपून द्यावी लागते, यात खोटं काही नाही. तब्येतीने किरकोळ, खूप वय झालेलं किंवा लिव्हर कमजोर असलेलं माणूस असेल तर बीपीचं औषध अ‍ॅम्लोडिपिन 5 ऐवजी 2.5 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. त्या चाचणीतही उभं राहिल्यावर ज्यांचा वरचा आकडा 140 च्या खाली जात होता, त्यांना घेतलेलं नव्हतं. म्हणून बीपी बसून मोजल्यावर उभं राहूनही मोजायचं असतं. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर ते डॉक्टरांना सांगायचं. पहाटे बाथरूमला उठताना घेरी येऊन खुब्याचं हाड मोडतं ते अशाच माणसांचं.

पण कमी मात्रेने सुरुवात करणं वेगळं आणि चालू गोळी विळीवर धरून अर्धी करणं वेगळं. (हो, विळीवर. आत्याची पद्धत.) हळूहळू विरघळणारी, ‘रिटार्ड’ लिहिलेली गोळी तोडली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जाऊ शकतो. बीपीवरचं अ‍ॅटेनोलॉल अचानक थांबवलं तर हृदयविकार असलेल्या माणसाला अ‍ॅटॅक येऊ शकतो. क्लोनिडिन थांबवलं तर बीपी उसळी मारतं. शिवाय अ‍ॅटेनोलॉल बाहेर पडतं किडनीतून, त्यामुळे किडनी बरीच खालावली की त्याची मात्रा 50, आणखी खालावली की 25 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. अ‍ॅम्लोडिपिनची विल्हेवाट लिव्हर लावतं, त्याला किडनीसाठी मात्रा बदलावी लागत नाही. एकाच वयाच्या दोन माणसांचे डोस असे वेगळे निघतात. आधार कार्डावरची जन्मतारीख बघून ते कसे ठरणार?

कित्येकजण सकाळी आकडा बघून ‘आज चांगलं आहे, आज नको’ करतात. अ‍ॅम्लोडिपिनचा पूर्ण जोर यायलाच सात-आठ दिवस लागतात आणि उतरायलाही वेळ लागतो. आज सोडलेल्या गोळीचा हिशेब आज दिसतच नाही. आकडा चांगला आहे तो गोळीमुळे!

‘एकाची दुसऱ्याला चालते’ याचा मात्र मला खरोखर संताप येतो. सासूचं टेल्मिसार्टन गरोदर सुनेला दिलं तर काय होईल? दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत त्या औषधाने बाळाच्या किडनीला इजा होते, गर्भजल कमी होतं, बाळ दगावूही शकतं. रामिप्रिल, एनालाप्रिलचंही तेच. गरोदरपणात लॅबेटालॉल, हळू विरघळणारी निफेडिपिन किंवा मिथिलडोपा देतात, आणि मात्रा डॉक्टर ठरवतात. टेल्मिसार्टन चालू असताना दिवस राहिले तर गप्प बसून गोळी बंद करायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून बदलून घ्यायची.

गरोदर नसलेल्यांनीही गोळ्यांच्या पानावरची (स्ट्रिपवरची) अक्षरं वाचावीत. ‘टेल्मिसार्टन 40’ पुढे ‘एएम’ असेल तर आत 5 मिलिग्रॅम अ‍ॅम्लोडिपिनही आहे, ‘एच’ असेल तर लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. गिऱ्हाईक म्हणतं, “80 ची संपली, 40 च्या दोन घेतो.” हातात पान ‘एएम’चं. म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन फुकटात 10 मिलिग्रॅम, आणि आठवड्याभराने पाय सुजले म्हणून तक्रार.

जिभेखालची निफेडिपिन कॅप्सूल. ही ‘युक्ती’ एकेकाळी दवाखान्यांतही चालायची. ते औषध जिभेखाली फारसं शोषलंच जात नाही, गिळलं गेल्यावर पोटातून चढतं आणि बीपी किती कोसळेल याचा नेम नसतो. त्यातून लकवा आणि हार्ट अ‍ॅटॅक झालेले आहेत. 1996 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हे थांबवा असं स्पष्ट लिहून आलं. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यातलं काही असेल तर सरळ हॉस्पिटल. नुसता आकडा जास्त असेल तर शांत बसा, पुन्हा मोजा, डॉक्टरांना फोन करा.

मिठाचं म्हणाल तर लो-सोडियम मीठ बऱ्याच जणांना उपयोगी पडतं, पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, किंवा किडनी कमजोर असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते.

राहिला कंपन्यांचा धंदा. तो आहेच, नाही कोण म्हणतंय? पण अ‍ॅम्लोडिपिन सरकारी आरोग्य केंद्रातही फुकट मिळतं. 2017 मध्ये सुरू झालेल्या सरकारी रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यापासून आहेत. मला धंदाच करायचा असता तर आत्याला याहून महाग गोळ्या दाखवल्या असत्या, कपाटभर पडल्यात.